किरकोळ खर्चात दादा

शासनाने गोविंदाचा भाव ठरवून टाकला आहे: 75 रुपये. 2023 साली माणशी एवढा हप्ता भरून 50 हजार गोविंदांचा विमा उतरवला गेला, पुढच्या वर्षी 75 हजारांचा, 2025 मध्ये दीड लाखाचा. थरावरून पडून जीव गेलाच तर वारसांना 10 लाख. योजना चांगली आहे, तिची थट्टा नाही. फक्त या दीड लाख पोरांची नावं, वयं आणि आधारकार्डाच्या झेरॉक्स गोळा कोण करतं, ते कुठल्या कागदावर सापडत नाही. भांडुपात तरी हे काम पथकाचा दादा करतो. झेरॉक्सचे पैसेही तोच देतो. त्याच्या नुकसानीला विमा नाही, कारण तो पडत नाही, तो बुडतो.

गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि सराव सुरू होतो. वेळ रात्री नऊची. भांडुपला प्रत्येक फास्ट गाडी थांबत नाही, तेव्हा दादा स्लो गाडीला लोंबकळत येतो, टेंभीपाड्याचा चढ चढतो आणि घरी न जाता नऊच्या ठोक्याला हजर होतो. पोरं पावणेदहाला उगवतात. तळाला खांदा देणारी तगडी मंडळी जेवून येतात, म्हणजे सव्वादहा. साडेदहाला पहिला थर उभा राहतो आणि अकराला शेजारच्या चाळीतले आजोबा पोलिसांना फोन लावतात. "साहेब, शेवटचाच थर," असं चौकीत जाऊन सांगायची जबाबदारी अर्थातच दादाची.

खरी परीक्षा सगळ्यात वर चढणाऱ्या एक्क्याची. कायद्याने तो 14 वर्षांच्या वर हवा, आणि खालच्या खांद्यांचं मत विचाराल तर वजनाने सात वर्षांचा. असा मुलगा सबंध डोंगरावर एखादाच सापडतो आणि त्याला नेमका नववीचा क्लास असतो. मग दादा त्याच्या आईपुढे उभा. "भाऊजी, गणितात नापास झाला तर?" दादा गणिताची हमी देतो. त्या दिवसापासून एक्क्याला क्लासला सोडणं, आणणं आणि मधल्या वेळात वडापाव चारणं सुरू. दादाचा स्वतःचा मुलगाही नववीतच आहे, असं ऐकतो. दादाला विचारलं तर तो आठवी म्हणाला.

2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला. त्यात साहस कोणतं, हे टी-शर्ट वाटताना कळतं. टी-शर्ट साहेब, म्हणजे विभागातले पुढारी, देतात. पुढे साहेबांचा फोटो, मागे साहेबांच्या साहेबांचा, पथकाचं नाव बाहीवर, मावलं तर. साहेब दीडशे देतात, पोरं दोनशे भरतात. वरच्या पन्नासांचं बिल दादाच्या क्रेडिट कार्डावर जातं आणि दिवाळीपर्यंत तिथेच मुक्काम करतं. काल्याच्या दिवशी त्या दोनशेतले तीस जण तोच टी-शर्ट घालून दुसऱ्या पथकात दिसतात.

त्यात 2025 ला जोगेश्वरीच्या कोकणनगर पथकाने ठाण्यात दहा थर लावले. कोकणनगर भांडुपातही आहे. एवढ्या नात्यावर आमच्या पोरांना आता सहा थरांची लाज वाटते. सहा थरांच्या सलामीचं पाकीट मात्र लाजण्याइतकंही जाड नसतं. ट्रकचं भाडं, केळी, पाण्याचे खोके, वडापाव यांतच ते संपतं. शिवाय कुणाचा तरी हात दुखावतोच. राजावाडी रुग्णालयात एक्स-रे निघेपर्यंत बाकावर कोण बसतं, आणि "काही नाही वहिनी, जरा मुका मार आहे," असा फोन कोण करतं, ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दादाची रजा बिनपगारी. साहेब रुग्णालयात फळं घेऊन येतात, तेव्हा सोबत फोटोग्राफर असतो. दादा फोटोच्या बाहेर, पिशवी धरून.

पाय मोकळे करावेत, तर गणपती दारात, आणि मंडळाचा अध्यक्षही दादाच. मंडळाच्या परवानग्या ऑनलाइन झाल्यात, म्हणजे पूर्वी दिवसा घालावे लागणारे हेलपाटे आता रात्री बारानंतर मोबाइलवर घालता येतात. मंडपाच्या एका खड्ड्याचा दंड महापालिकेने 2025 मध्ये 2 हजारांचा 15 हजार केला आणि ओरड झाल्यावर पुन्हा 2 हजारांवर आणला. रस्त्यावरचे इतर खड्डे बारा महिने बिनदंडाचे नांदतात, त्यांना बहुधा अध्यक्ष नसावा. त्याच वर्षी गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला. दादा अजून स्थानिकच आहे.

वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो. मंडप, मूर्ती, वीज, भटजी यांवर कुणाचा आक्षेप नसतो. "किरकोळ: 340 रुपये" आलं की 51 रुपये वर्गणी दिलेले सभासद उठतात. किरकोळ म्हणजे काय? दादा सांगतो, वॉर्ड ऑफिसची रिक्षा. "रिक्षा कशाला? आमच्या वेळी चालत जायचे." दादा 340 खिशातून काढून टेबलावर ठेवतो. सभा टाळ्या वाजवते, पारदर्शक कारभार म्हणून.

मग पुढचा विषय येतो, नव्या अध्यक्षाची निवड. सगळ्यांना एकाच वेळी फोन येऊ लागतात, कुणाला बाहेर रेंज आठवते. पाच मिनिटांत दादा बिनविरोध. सूचक: 51 रुपयेवाले. अनुमोदक जिन्यातूनच ओरडतात.