ॲव्हरेजवाले तात्या

टेंभुर्णी, कंदर, जेऊर, केत्तूर, वाशिंबे. उजनी धरणाच्या काठानं कुठल्याही गावात जा, पारावर एक तरी माणूस असा भेटतो की ज्याला तुमच्या नव्या गाडीचा रंग, मॉडेल, किंमत यातलं काहीच विचारायचं नसतं. त्याचा प्रश्न एकच. "ॲव्हरेज किती देती?" अठरा म्हटलं तर तो चुकचुकतो, बावीस म्हटलं तर "उगी फेकू नका" म्हणतो. गावागणिक त्याचं नाव बदलतं. आपण त्याला तात्या म्हणू.

तात्यांनी पासष्टी ओलांडली आहे. केळीची बाग आहे, थोडा ऊस आहे आणि पोरानं घेऊन दिलेली एक छोटी पेट्रोल कार आहे. शर्टाच्या खिशात एक डायरी असते. तीत तारीख, लिटर, रुपये आणि किलोमीटर. घरातल्यांचे वाढदिवस तीत सापडणार नाहीत, पण मागच्या आषाढीला पंढरपूरला जाऊन येताना गाडीनं काय पाजळलं ते दशांशापर्यंत सापडेल. पंपावर टाकी फुल्ल करताना नोझल खटकन बंद पडली की ते पंपवाल्या पोराचा हात धरतात. "बास. आता थेंबबी नको, हिशेब बिघडतो."

तात्यांचं हत्यार म्हणजे न्यूट्रल. पण हत्यार चालवायला रान हवं, आणि इथं रान सपाट. ना घाट, ना खिंड. त्यामुळे तात्यांना उतार हुडकावे लागतात. महामार्गावरचा उड्डाणपूल, भीमानगरजवळ नदीच्या पुलाकडे खाली येणारा रस्ता, कॅनॉल ओलांडल्यावरचा दहा पावलांचा उतरणीचा तुकडा, यातला एकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. उतार लागला की पायाखाली क्लच, गेअरचा दांडा मधोमध, आणि चेहऱ्यावर फुकटात जेवल्याचं समाधान. "आता पेट्रोल बंद," असं ते शेजारी बसलेल्याला सांगतात.

पेट्रोल बंद झालेलं नसतं. उलट तात्यांनीच ते चालू केलेलं असतं.

हे पटवून द्यायचं म्हणजे तात्यांची उमेदवारी कुठल्या काळात झाली ते बघावं लागतं. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली तेव्हा तिच्या पोटात कार्बोरेटर होता. कार्बोरेटरला डोकं नसतं. रेसवरचा पाय काढला तरी इंजिन हवा ओढत राहतं, आणि त्या ओढीबरोबर आयडलच्या जेटमधून पेट्रोलही येत राहतं. गाडी गेअरात असो की न्यूट्रलमध्ये, थेंब गळायचाच. मग गेअरात ठेवून इंजिनाचा अडथळा कशाला सोसायचा? न्यूट्रल मारली तर गाडी तेवढ्याच पेट्रोलात लांब जाते. म्हणजे त्या काळात तात्यांचं गणित बरोबर होतं. माणसाचं गणित एकदा बरोबर आलं की तो पुन्हा पाटी पुसत नाही, ही खरी अडचण आहे.

2000 च्या सुमारास गाड्यांवर एमपीएफआय ही अक्षरं आली, म्हणजे कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर आले. पुढं एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि गावातल्या नव्या स्प्लेंडरच्या पोटातूनही कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल किती सोडायचं ते इंजेक्टर ठरवतो आणि इंजेक्टरला ईसीएम, म्हणजे गाडीतला संगणक, हुकूम देतं. या ईसीएमला दोन गोष्टी कळतात. रेसवर पाय नाही, आणि इंजिन तरी हजार-दीड हजार आरपीएमच्या वर फिरतंय. याचा अर्थ चाकंच इंजिनाला फिरवतायत. मग ते इंजेक्टर सरळ बंद करतं. थोडं नाही, पूर्ण बंद. आरपीएम आयडलच्या जवळ उतरले की पुन्हा फवारा सुरू. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. इंजिन बंद पडू नये म्हणून ईसीएमला पेट्रोल पाजावंच लागतं, छोट्या गाडीत तासाला साधारण पाऊण लिटर.

टेंभुर्णीत गॅरेज चालवणाऱ्या पुतण्यानं एकदा गाडीला स्कॅनर लावला आणि तात्यांना हायवेवर नेलं. साठच्या वेगानं उतारावर न्यूट्रल. डॅशबोर्डावरचा आकडा लिटरला पंच्याऐंशीवर गेला. "बघ लका!" तात्या म्हणाले. पुतण्यानं गाडी पुन्हा चौथ्या गेअरात टाकली आणि पाय काढला. आकडा 99.9 वर जाऊन थांबला.

"मीटर अडाकला," तात्या म्हणाले.

"अडाकला न्हाय तात्या. पेट्रोल शून्य हाय. शून्यानं भागून त्यो काय दाखवणार?"

"पेट्रोल शून्य, तर इंजिन कसं चाललंय?"

इथं पुतण्याला उजनी कामी आली. धरणात शंभर टक्क्यांना 117 टीएमसी पाणी, त्यातलं जवळपास 64 टीएमसी मृत साठा. वरचं उपयुक्त पाणी संपलं की टक्केवारी शून्याच्या खाली जाते. 2024 च्या जूनच्या सुरुवातीला ती उणे साठला टेकली होती. टक्केवारी उण्यात, तरी काठावरच्या मोटारी पाणी ढकलत होत्याच. तसं आतलं पेट्रोल बंद झालं तरी फिरवणारं कुणीतरी असतंय, म्हणजे चाकं. तात्या रोज सकाळी धरणाची टक्केवारी व्हॉट्सॲपवर वाचतात. त्यांना हे दोन मिनिटांत समजलं. समजलं म्हणजे लगेच मान्य केलं असं नाही.

आणि इथं तात्यांची थोडी बाजू घ्यायला हवी. गेअरात पेट्रोल शून्य असलं तरी इंजिन गाडीला मागं ओढतं. उतार हलका असला तर गाडी मधेच मंदावते आणि पुन्हा रेस द्यावी लागते. अशा लांब, निवांत उतारावर न्यूट्रलवाला जिंकूही शकतो, आणि उजनीकाठचे बहुतेक उतार निवांतच. पुढं टोलनाका, गतिरोधक किंवा उसाची ट्रॉली असेल, म्हणजे वेग मारायचाच असेल, तिथं मात्र गेअरच फायद्याचा. शिवाय किलोमीटरभर न्यूट्रल मारली तर मिनिटभरात जळतं बारा मिलिलिटर, किंमत सव्वा रुपया. एवढ्या पैशावरून चुलत्या-पुतण्यांत आठवडाभर बोलणं बंद होतं.

न्यूट्रलच्या पुढची पायरी म्हणजे चावीच बंद करणं. ती तात्या चढत नाहीत, ही देवाची कृपा. इंजिन बंद झालं की ब्रेकची व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपते, पेडल दगड होतं, स्टिअरिंग जड होतं. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या ट्रकनं अनेक वाहनं ठोकरली. डिझेल वाचवायला चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. ही बातमी पुतण्यानं वाचून दाखवली तेव्हा तात्या बराच वेळ गप्प होते.

शेवटी तात्या बदलले, आणि हे जास्त वाईट झालं. आता त्यांना शून्याची गोडी लागली आहे. वरवड्याचा टोलनाका अर्धा किलोमीटर लांब असतानाच रेसवरचा पाय निघतो. मागचे ट्रक हॉर्न मारून थकतात. आरपीएम पडून इंजेक्टर चालू होऊ नये म्हणून तात्या चौथ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा करतात, दर वेळी गाडी हिसका देते आणि मागं बसलेल्या त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, डोकं पुढच्या सीटला लागतं. तात्या मात्र मोठ्यानं मोजत असतात. "शून्य... अजून शून्य..."

मागच्या खेपेला सोलापूरला लग्नाला जाताना काकू मोडनिंबलाच उतरल्या आणि एसटीत बसल्या. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. काकू कार्यालयात तात्यांच्या आधी पोचल्या, जेवून घेतलं, आणि तात्या आले तेव्हा त्यांच्यापुढं तिकीट धरून म्हणाल्या, "हे तुमच्या डायरीत लिवा. आन् पंच्याहत्तर झाली की तुमाला तर पुरी फुकट हाय."

तात्यांनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ही एसटी ॲव्हरेज किती देती?"