खाट रिकामी राहता कामा नये

माजी न्यायाधीश मार्क शिव्हरेला साहेब यांस,



पत्र थोडं उशिरा लिहितोय. पण 2011 साली तुम्हाला 28 वर्षांची शिक्षा झाली, म्हणजे वाचायला सवड असणार. आधीच सांगून टाकतो, मी तुमच्या बाजूचा आहे. तुमच्यासारख्या हुशार व्यापाऱ्याला जगानं गुन्हेगार ठरवलं, हे मला पाहवत नाही.

पेनसिल्व्हेनियातली तुमची लुझर्न काउंटी म्हणजे बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींचा मुलूख. अशा ठिकाणी नवा धंदा उभा करणं खायचं काम नाही. काउंटीचं स्वतःचं बालबंदीगृह होतं. जुनाट, पण सरकारी. 2002 साली तुमचे मित्र आणि तिथले मुख्य न्यायाधीश मायकेल कॉनहॅन यांनी त्याचा पैसा आटवला आणि ते बंद पाडलं. लगेच पुढच्या वर्षी पिट्स्टन टाउनशिपमध्ये नवंकोरं खासगी बंदीगृह सुरू झालं. वकील रॉबर्ट पॉवेल त्याचे एक मालक, रॉबर्ट मेरिकल बांधणारे बिल्डर. नाव ठेवलं ‘पीए चाइल्ड केअर’. नाव ठेवणाऱ्याला माझा दंडवत सांगा. 2005 साली राज्याच्या दुसऱ्या टोकाला याच नावाची शाखाही निघाली. मधल्या काळात, 2004 मध्ये, काउंटीनं पहिल्या इमारतीसाठी 20 वर्षांचा 5 कोटी 80 लाख डॉलरचा भाडेकरार केला. तेवढ्या पैशात काउंटीला स्वतःची किती बंदीगृहं बांधता आली असती, असले क्षुद्र प्रश्न विचारणारे लोक सगळीकडेच असतात.

जानेवारी 2003 मध्ये बिल्डरकडून पहिला हप्ता आला, 9,97,600 डॉलरचा. दहा लाखाला जरा कमी. तुम्हा दोघांना मिळून पुढे जवळजवळ 28 लाख डॉलर पोचले. काही बिल्डरकडून, काही तुमच्या बायकांच्या नावावरच्या फ्लोरिडातल्या फ्लॅटचं भाडं म्हणून, काही कुरिअरच्या खोक्यांतून रोख. पॉवेल साहेबांच्या बोटीचं नाव होतं ‘रील जस्टिस’. बघा, न्यायाची आठवण त्यांनी समुद्रातसुद्धा सोडली नाही.

तुमचं म्हणणं तुम्ही शेवटपर्यंत सोडलं नाहीत: ही दलाली होती, मुलं विकल्याचे पैसे नव्हेत. मला पटतं. आमच्याकडे एसटी स्टँडवर लॉजवाल्यांची माणसं उभी असतात, त्यांनाही गिऱ्हाइकामागे कमिशन मिळतं. फरक एवढाच की गिऱ्हाइकाच्या हातापायांत बेड्या घालून त्याला खोलीवर न्यायचा अधिकार त्यांना नसतो. तुम्हाला होता. आणि या लॉजचं बिल काही आईबापांच्या पगारातून परस्पर कापूनही घेता येत होतं!

आता तुमच्या गिऱ्हाइकांविषयी, म्हणजे तुमच्यापुढे खटल्याला उभ्या राहिलेल्या मुलांविषयी. एका पंधरा वर्षांच्या मुलीनं 2007 मध्ये शाळेच्या उपमुख्याध्यापिकेची टिंगल करणारं पान इंटरनेटवर टाकलं आणि खाली लिहिलंही की ही गंमत आहे. तिला तीन महिने. एका तेरा वर्षांच्या पोरानं आईच्या मित्राच्या अंगावर मांसाचा तुकडा भिरकावला, तोही आत. शाळा बुडवणारे, शाळेच्या आवारात सिगारेट ओढणारे, किरकोळ चोऱ्या करणारे. पुढे एका केंद्रीय न्यायालयानं नोंदवलं की तुमच्यापुढे आलेली काही मुलं आठ वर्षांची होती. आठव्या वर्षी माणूस किती सराईत होतो, हे तुम्हालाच ठाऊक. कित्येक सुनावण्या दोन-तीन मिनिटांत आटपायच्या आणि आईला मिठी मारायच्या आत पोर बेड्यांत बाहेर. निम्म्याच्या आसपास मुलांबरोबर वकील नव्हता. 1967 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गॉल्ट खटल्यात मुलांना वकिलाचा हक्क दिला होता. तो खटलाही एका पंधरा वर्षांच्या मुलानं केलेल्या कथित चावट फोनचा. चाळीस वर्षांत फोनच्या जागी वेबपान आलं. तुमच्या कोर्टात काळ एवढाच पुढे सरकला होता.

सतरा वर्षांचा एक कुस्तीपटू मुलगा होता. पहिलाच गुन्हा. तुम्ही त्याला आत पाठवलंत. 2010 मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यानं आत्महत्या केली. तुमच्या खटल्याचा निकाल लागला त्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांपाशी कॅमेऱ्यांसमोर त्याची आई तुमच्यावर किंचाळली होती. तुम्ही तिच्याकडे न बघता उभे होतात. इथे मला थट्टा सुचत नाही.

पण तुमच्यावर अन्याय झाला तो असा, की सगळं खापर तुमच्या डोक्यावर. कोर्टात सरकारी वकील उभे असायचे, बचावाचे वकील असायचे, प्रोबेशन अधिकारी असायचे. पोरांच्या पायांतल्या बेड्या त्यांनाही दिसत होत्या. नंतर राज्यानं नेमलेल्या आयोगानं या सगळ्यांच्या मौनाबद्दल लिहिलं. शाळा तर तुम्हाला दरवर्षी बोलवायच्या. तुम्ही मुलांना दम द्यायचात की माझ्यापुढे आलात तर आत जाल, आणि दिलेला शब्द पाळायचात. 1999 च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर आईबापांनाही असाच कडक माणूस हवा होता. 1995 साली लोकांनी तुम्हाला निवडून दिलं आणि 2005 साली पुन्हा कायम केलं. पोर दुसऱ्याचं असलं की शिस्त फार गोड लागते. फिलाडेल्फियाच्या ‘जुव्हेनाइल लॉ सेंटर’नं 2008 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, तर 2009 च्या जानेवारीत न्यायालयानं नकार दिला. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं तुमच्यावर आरोप ठेवले, आणि मग मात्र न्यायालयाला जाग आली. ऑक्टोबरमध्ये दोन हजारांहून अधिक मुलांवरचे हजारो निकाल पुसून टाकण्यात आले.

आणि तुमची खरी चूक? तुम्ही धंदा किरकोळीत केलात. नॅशव्हिलमध्ये सुरू झालेली ‘करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ बघा. 1983 ची कंपनी, आता नाव ‘कोअरसिव्हिक’. 2012 मध्ये तिनं 48 राज्यांना पत्र पाठवलं: तुमचे तुरुंग आम्हाला विका, 20 वर्षांचा करार करा, आणि तुरुंग किमान 90 टक्के भरलेला राहील याची हमी द्या. लपवाछपवी नाही, खोकी नाहीत, बोट नाही. ॲरिझोनातल्या काही खासगी तुरुंगांच्या करारांत तर हमी शंभर टक्क्यांची होती, म्हणजे खाट रिकामी राहिली तरी राज्यानं पैसे भरायचे. हीच कंपनी आपल्या वार्षिक अहवालात भागधारकांना धंद्यातले धोके सांगते: शिक्षा सौम्य झाल्या, काही गुन्हे गुन्हे राहिले नाहीत, तर मागणी घटेल. लोक सुधारले तर तोटा, असं इतकं स्वच्छ लिहायला धैर्य लागतं. तुम्ही कॉनहॅन साहेबांबरोबर शेअर बाजारात उतरला असतात, तर आज तुरुंगात नसतात, संचालक मंडळावर असतात. काम तेच. कोर्टातल्या माणसाला पैसे देऊन खाट भरली तर लाच, आणि करारात कलम घालून भरली तर महसूल.

आमच्याकडचे तुरुंग सरकारचेच आहेत आणि कुणाला लाभांश न वाटताही ते खचाखच भरलेले असतात, तेव्हा फार शहाणपण शिकवण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

तुमचे मित्र मात्र सुटले. साडेसतरा वर्षांची शिक्षा झालेले कॉनहॅन साहेब कोविडमुळे 2020 पासून घरीच स्थानबद्ध होते. डिसेंबर 2024 मध्ये अध्यक्ष बायडन यांनी सुमारे 1,500 जणांच्या शिक्षा कमी केल्या, त्यांत त्यांचंही नाव निघालं. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जोश शापिरो, बायडन यांच्याच पक्षाचे, जाहीरपणे चिडले. तुमचा नंबर लागला नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका.

एक काम तेवढं राहिलं आहे. न्यायासनावर बसून केलेल्या कामाबद्दल न्यायाधीशाकडे भरपाई मागता येत नाही, असा तुमच्या देशातला नियम. म्हणजे ज्या दोन-तीन मिनिटांत तुम्ही एकेक पोर आत पाठवलंत, ती मिनिटं कायद्यानं सुरक्षित. पण आसनाबाहेर रचलेल्या कटाला ते कवच लागू पडलं नाही, आणि ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय न्यायाधीश क्रिस्टोफर कॉनर यांनी तुम्ही आणि कॉनहॅन मिळून सुमारे 300 जणांना 20 कोटी 60 लाख डॉलर द्यावेत, असा निकाल दिला. तुम्हा दोघांकडून ही रक्कम वसूल होईल असं कुणालाच वाटत नाही. ती सगळी मुलं आता मोठी झाली आहेत, पत्ते बदलले आहेत. काही जण हयात नाहीत. तरी पहिला हप्ता कधी पाठवताय, आणि चेकनं की खोक्यातून, एवढं उलट टपाली कळवावं.

कळावे,

आपल्या धंद्याचा एक अभ्यासक