पाडव्याचं लगीन

आमचं परस आणि मावशींचं परस यांच्यामधलं कुंपण म्हणजे दोन पदरी काटेरी तार आणि तिच्यावर माजलेली कोयनेल. एका ठिकाणी कोयनेल वाळून खिंडार पडलंय. ते बुजवायचं, असं गेली पाच वर्षं दोन्ही घरांत ठरतंय. बुजवत कुणीच नाही, कारण कान्ह्यातल्या आमच्या आळीच्या सगळ्या बातम्या त्याच खिंडारातून ये-जा करतात.

चैत्रातली सकाळ होती. मावशींनी बाजेवर जुनं लुगडं अंथरून कुरडया घातल्या होत्या आणि मी कावळे हाकायच्या निमित्तानं बसले होते. तेवढ्यात काकू आल्या, मागोमाग त्यांचे थोरले दीर. हे काका जत्रेसाठी मुंबईहून आले होते. तीसेक वर्षं त्यांनी चर्चगेटच्या बाजूला डबे पोचवले, आता मुलगा पोचवतो. डबेवाल्यांचं हे एक बरं असतं. चैत्रात जत्रेचे चार-पाच दिवस ही माणसं डबे बंद ठेवून मावळ, मुळशी, खेड, जुन्नरच्या गावांकडं निघून येतात आणि मुंबईची साहेबमंडळी मुकाट्यानं हॉटेलात जेवतात.

"काय वो भावजी, तुमच्या राजाची तब्येत बरी हाय न्हवं?" मावशींनी कुरडई उलटता उलटता खडा टाकला.

आमच्या आळीत 'काकांचा राजा' म्हणजे इंग्लंडचा तिसरा चार्ल्स. मुंबईच्या डबेवाल्यांशी त्याची सोयरीक जगाला ठाऊक आहे, पण आळीला ती काकांच्या तोंडून दरसाल चैत्रात नव्यानं ठाऊक होते.

"बरी असंल," काका म्हणाले. "औषधपाणी चालू हाय म्हणत्यात."

2024च्या फेब्रुवारीत राजवाड्यानं राजाला कॅन्सर झाल्याचं जाहीर केलं. कुठला, ते सांगितलं नाही. त्यावर काकूंचा आक्षेप होता. आपल्याकडं माणसं कुठला ते आधी विचारतात, कितवी पायरी ते मग, आणि पेशंट कोण ते सगळ्यात शेवटी.

"मधी बंगळूरला येऊन गेला की त्यो," मावशी म्हणाल्या. मावशींना सगळं ठाऊक असतं, फक्त आपल्याला ठाऊक आहे हे त्या आधी दाखवत नाहीत. "राणीला घेऊन. आयुर्वेदाचे उपचार का काय घेतले."

"2024च्या ऑक्टोबरात," मी म्हटलं. "गुपचूप आले, गुपचूप गेले."

"मंग हिकडं का न्हाई आला? डब्यातली भाजी खाल्ली असती तर आधी बरा झाला असता," काकू म्हणाल्या. ह्या दिराच्या बाजूच्या, म्हणजे आपोआप राजाच्या बाजूच्या.

मावशी दुसऱ्या पक्षाच्या. "मी त्याला राजा म्हणनार न्हाई. त्या डायनाचं वाटोळं केलं त्यानं."

झालं. हा खटला आमच्या कुंपणावर 1997पासून पडून आहे आणि मावशींनी तडजोडीला कधीही मान्यता दिलेली नाही. डायना गेली 31 ऑगस्टला, पॅरिसमध्ये. तिची अंत्ययात्रा निघाली 6 सप्टेंबरला. गणपती बसून एकच दिवस झालेला, ऋषिपंचमी होती. मावशींच्या चुलीवर ऋषीची भाजी शिजत होती आणि समोरच्यांच्या टीव्हीवर दोन पोरं खाली मान घालून आईच्या पेटीमागं चालत होती. थोरलं पंधराचं, धाकटं बाराचं. "भाजी तशीच ऱ्हायली त्या दिवशी," मावशी म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं, मयत कामशेतच्या कुण्या नात्यातली होती.

"आवं, पन लगीनच आखाडात लावलं, तर काय व्हनार?" काकूंनी अचानक पत्ता टाकला.

"कुनी सांगितलं आखाडात?"

"पावसाळ्यात झालतं का न्हाई?"

मोबाइल माझ्या हातात होता. चार्ल्स-डायनाचं लग्न 29 जुलै 1981. पंचांग उघडलं. आषाढ वद्य पक्ष, चातुर्मास लागलेला आणि दोन दिवसांवर अमावास्या. मी वाचून दाखवलं आणि काकूंनी टाळीच वाजवली.

"गटारी! गटारीच्या दोन दिस आधी लगीन! लोक कोंबडी बघत्यात का मुहूर्त?"

"आणि त्या अमावास्येला सूर्यग्रहण होतं," मी पुढं वाचलं. "खग्रास. रशियाच्या बाजूला दिसलं."

"आगं बया." मावशींचा हात कुरडईवरच थांबला. आपल्याकडं नव्या सुनेला आखाडात माहेरी धाडतात आणि त्या पोरीला आखाडात सासरी आणली. तिच्या बाजूनं मावशींना इतका भक्कम पुरावा आजवर मिळाला नव्हता. फक्त आता दोष चार्ल्सचा की भटजीचा, हा पेच पडला. पुरावा आपल्याच पक्षावर उलटतोय, हे ध्यानात येताच मावशींनी विषय बदलला. "आन् दुसरीचं? ती कमिला. तिचं कवा झालं?"

"2005, एप्रिल," काका ताडकन बोलले. "नऊ तारीख. आमची दोन मानसं लग्नाला गेलती लंडनला. रघुनाथ मेदगे आन् सोपान मरे."

"चैत्रच म्हना की," मावशी उठल्या. "थांबा."

त्यांच्या थोरल्या नातीचा जन्म त्याच महिन्यातला, म्हणून 2005चं कालनिर्णय ट्रंकेत जपून ठेवलेलं. त्यातलं एप्रिलचं पान त्यांनी खिंडारातून माझ्या हातात दिलं. पिवळं पडलेलं, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला, चौकोनाचौकोनांत बॉलपेननं दुधाचा रतीब: 2 ली., 2 ली., 2 ली. आठ तारखेच्या चौकोनात अमावास्या. नऊ तारखेला, शनिवारी, गुढीपाडवा, आणि त्याच्याखाली 3 ली. सणाचं दूध जास्त घेतलेलं.

मी पान धरून बसले, कारण एक गोष्ट मला आठवत होती. ते लग्न आधी ठरलं होतं आठ तारखेला. अमावास्येला. मग रोममध्ये पोप वारले, त्यांचा अंत्यविधी नेमका आठलाच आला, राजपुत्राला तिकडं जाणं भाग पडलं आणि लग्न एक दिवस पुढं ढकललं. आणखी एक, त्या आठ तारखेच्या अमावास्येलाही सूर्यग्रहण होतं. आपल्याकडं दिसलं नाही, पण होतं.

हे सांगितल्यावर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना काही क्षण कुणी बोललं नाही. लोकल येऊन गेली तेवढाच आवाज.

"म्हंजे," काकू सावकाश म्हणाल्या, "अवस चुकली आन् पाडवा घावला. साडेतीन मुहूर्तातला."

"म्हनून टिकलं," मावशी म्हणाल्या. मावशींच्या तोंडून कॅमिलाच्या बाजूनं निघालेलं हे पहिलं वाक्य. ते त्यांना स्वतःलाही आवडलं नसावं, कारण लगेच जोडलं, "पर सासू आली न्हवती म्हनं लग्नाला."

आली आणि नाहीही. रजिस्टर लग्न विंडसरच्या टाऊन हॉलमध्ये लागलं, तिथं राणी एलिझाबेथ गेली नाही. नंतर चर्चमध्ये आशीर्वादाला आली. आणि मग पाहुण्यांसमोर बोलायला उभी राहिली, तेव्हा आधी त्या दिवशीच्या घोड्यांच्या मोठ्या शर्यतीत कुठला घोडा जिंकला ते सांगितलं म्हणतात, लेकाचं कौतुक मागाहून. काकूंना हे फार पटलं. त्यांच्या माहितीतल्या एक सासूबाई लेकाच्या हळदीला बैलगाडा शर्यतीवरच बोलत होत्या.

"भावजी, तुमाला का न्हाई नेलं लंडनला?" मावशींनी मग मुळालाच हात घातला.

"दोघांचंच आवतान व्हतं. मी हितंच. पाडव्याची हापिसं बंद, डबा न्हाई. गुढी उभी केली, श्रीखंड खाल्लं, झोपलो."

पण 2003च्या नोव्हेंबरात काका चर्चगेटला होते. हा भाग दरसाल ऐकूनही मला जुना होत नाही. राजपुत्राच्या माणसांनी भेटीची वेळ मागितली. डबेवाल्यांनी सांगितलं, आमच्याकडं अकरानंतरची वीसेक मिनिटं असतात, गाडीतून डबे उतरवून वाटणी लावायची, तेवढ्यात आलात तर भेटू. जागाही आमची, स्टेशनाच्या बाहेर. डबा थांबवणार नाही. 1890मध्ये महादू हावजी बच्च्यांनी धंदा उभा केला, तेव्हापासून साहेबासाठी डबा थांबलेला नाही.

"आला का येळेवर?"

"आला. सूट घालून आला घामाच्या टायमाला. डब्याच्या झाकनावरची खूण बघितली, इचारलं ह्याचा अर्थ काय. सांगितला. मान हलवली. समाजला का न्हाई ते त्यालाच ठावं." काका हसले. "मला इचाराल तर त्यो मानूस चांगला का वाईट, ते मी काय सांगू? पर आमची येळ त्यानं पाळली. आमच्या साहेबलोकांतले किती पाळत्यात?"

मला यात काकांचं शहाणपण दिसतं आणि थोडा भाबडेपणाही. राजपुत्राला वीस मिनिटं देणं परवडतं, तेच तर त्याचं काम. त्याच्यामागून कॅमेरे आले आणि मॅनेजमेंटच्या शाळांनी डबेवाल्यांना व्याख्यानाला बोलावलं, हे खरं. पण कोरोनात हापिसं घरात शिरली तेव्हा डबे गेले ते गेले, आणि तिथं राजाची ओळख कुणाच्या कामी आली नाही. हे मी काकांसमोर बोलत नाही. त्यांचा मुलगा त्यांच्या निम्मेसुद्धा डबे उचलत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आपल्या लोकांची राजे जोखायची ही तऱ्हा जुनीच. मावशींच्या आजेसासूच्या बटव्यात राणीछाप होते, राजाछाप होते. त्यातला एक सातव्या एडवर्डचा, बिनमुकुटाचा, टक्कल दिसणारा. "ह्यो राजा का वानी?" अशी तिला शंका होती. पंचम जॉर्जचा 1911 सालचा रुपया निघाला, तेव्हा त्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, एवढा बोभाटा झाला की सरकारनं ते रुपये मागं घेऊन वितळवले आणि पुढच्या साली हत्तीला नीट सोंड काढून दिली. पुढं 1921च्या नोव्हेंबरात युवराज एडवर्ड आला. मुंबईत त्याच्यावर बहिष्कार, दंगल. पुण्यात मात्र शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला त्याच्या हातून बसली. त्याच साली शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह पेटलेला, सेनापती बापट त्यात पुढं.

"त्यो कोन, ज्यानं बाईपायी गादी सोडली?" काकूंनी विचारलं.

तोच. 1936मध्ये राजा झाला आणि साल सरायच्या आत उतरला, कारण त्याला घटस्फोट घेतलेल्या बाईशी लग्न करायचं होतं. चार्ल्सला तशाच बाईशी लग्न करून गादी मिळाली. फक्त सत्तर वर्षं वाट पाहावी लागली. तिसऱ्या वर्षी युवराज, त्र्याहत्तराव्या वर्षी राजा.

"सासू म्हातारी झाली तरी किल्ल्या सोडत न्हाई, त्यातली गत," मावशी म्हणाल्या आणि मग जीभ चावली. त्यांच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला आहेत आणि सूनबाई आतून ऐकत असतात.

राणी गेली ती 2022च्या अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री. आमच्याकडं अकराला बातमी आली. नव्या राजाची द्वाही फिरली ती पितृपक्षाच्या तोंडावर. यावर काकूंनी फक्त भुवया उंचावल्या, कारण इथं मुहूर्त त्यांच्या पक्षाला सोयीचा नव्हता. पुढं सह्या करताना पेन गळालं, राजा वैतागला, ते जगानं पाहिलं. यॉर्कमध्ये कुणी त्याच्यावर अंडी फेकली. 2023च्या मे महिन्यात राज्याभिषेक झाला, त्यासाठी डबेवाल्यांनी पुणेरी पगडी आणि वारकऱ्यांचं उपरणं घेतलं. कॅमिलाच्या मुकुटात कोहिनूर बसवला नाही. "आपली वस्तू घालून मिरवली न्हाई, येवढी तरी लाज," असं मावशींचं मत पडलं. परत का दिली नाही, यावर मात्र कुणाचंच दुमत नव्हतं.

"आन् त्या भावाला घराबाहेर काढला न्हवं?" काकू.

"अँड्र्यूला. 2025च्या ऑक्टोबरात. प्रिन्सपण काढून घेतलं, बंगला सोडायला लावला."

"बरं केलं," मावशी म्हणाल्या. आज दुसऱ्यांदा.

पक्ष फुटायची ही वेळ बरोबर हेरून काका उठले. ऊन चढलं होतं, देवळाजवळ जत्रेच्या वर्गणीची बैठक होती. ते खिंडाराशी पोचले आणि मावशींनी हाक मारली.

"भावजी, लग्नात तिला आहेर काय केला तुमच्या लोकांनी?"

"राजाला फेटा. तिला साडी."

"नऊवारी का सहावारी?"

काका थांबले. वीस वर्षं ही गोष्ट सांगताहेत, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "नऊवारीच असंल की."

"असंल म्हंजे? बगितली न्हाई?"

"मी कुठं बगनार? मी हितं श्रीखंड..."

"नऊवारी दिली आसंल तर तिला काष्टा कोन घालून देनार तिकडं?" मावशी. "ती काय अंगाला गुंडाळून ठेवली आसंल बिचारीनं."

बिचारी! काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मी कुरडयांकडं.

"मुंबईला गेलो की इचारतो," काका म्हणाले आणि चालू लागले.

"इचाराच," मावशी तारेवरून ओरडल्या. "आन् झंपरचं कापड दिलं का न्हाई, त्ये बी इचारा."