चोरटी हवा

एडिसन, न्यू जर्सी
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबूजींना साष्टांग नमस्कार,

हे फोनवर सांगून होणार नाही म्हणून पत्र लिहिते आहे. व्हिडिओ कॉल लावला की तुम्ही म्हणता, "बॉनेट उघडून दाखव बेटा." बॉनेट उघडेपर्यंत फोन आईच्या हातात गेलेला असतो. मग इंजिन राहतं बाजूला, आणि नातीचा खोकला, यंदाच्या मंडईच्या जत्रेत कोण कोण भेटलं, कोणाचं लग्न जुळलं, असं सगळं निघतं. पत्र मात्र आई तुमच्या हातून ओढून घेत नाही, कारण तिला चष्मा सापडत नसतो.

तर गाडी. तुमच्या जावयांनी ही २००४ ची जपानी गाडी जुन्या बाजारातून घेतली तेव्हा "हिला दहा वर्षं बोट लावायला नको" असं छातीठोक सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा फोनवर नुसतंच "हं" म्हणाला होतात. ते "हं" आम्हाला या दिवाळीनंतर कळलं. सकाळच्या थंडीत बाई शहाण्यासारखी सुरू होते. रस्त्यावर पळते तर तक्रार करायला जागा नाही. पण गरम झाल्यावर लाल दिव्याला उभी राहिली की हिचे खेळ सुरू. स्लोला काटा सातशेच्या आसपास स्थिर राहायला हवा, तो पाचशेवर उतरतो, अख्खी गाडी थरथरते, मग आतला कॉम्प्युटर दचकून रेस देतो, काटा बाराशेवर, आणि पुन्हा खाली. शनिवारी संध्याकाळी इथल्या ओक ट्री रोडवर निम्मा गुजरात आणि पाव आंध्र एकाच सिग्नलला थांबलेला असतो, त्या सगळ्यांसमोर आम्ही तिघं जागच्या जागी डोलत असतो. शेजारच्या गाडीतल्या एका काकूंनी काच खाली करून विचारलं, "सब ठीक है ना बेटा?" तुमच्या जावयांनी तेव्हा रेडिओचा आवाज वाढवला.

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला. इथे १९९६ पासूनच्या प्रत्येक मोटारीला स्टेअरिंगखाली एक खाच सक्तीची आहे. तिच्यात बोटाएवढं यंत्र खोचलं की गाडीची तक्रार आकड्यात मोबाइलवर येते. आमच्या गाडीच्या दोन तक्रारी निघाल्या. पी-०१७१ : मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पी-०३०० : मिसिंग होतंय, पण कुठल्या सिलिंडरमध्ये ते नक्की नाही. हे वाचून तुमचे जावई इतके खूश झाले की मला वाटलं गाडी दुरुस्तच झाली.

मग खोकी यायला लागली. पातळ मिश्रणाची बातमी सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर देतो, तेव्हा आधी तो बदलला. मग प्लग. मग कॉइल. रोज दारात एक खोकं, आणि जेवणाच्या टेबलावर जुने सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले. पोरगी त्यांच्यातच बसून गृहपाठ करते. यांच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात एकेक गोष्ट बदलत जायचं, आणि चाललं की कशामुळे चाललं हे विचारायचं नाही, अशी रीत असावी. इथे मात्र चाललंही नाही. मी म्हटलं, अहो, सेन्सर हा फिर्यादी आहे. चोरी झाली म्हणून जो ठाण्यात सांगायला आला त्यालाच तुम्ही आत टाकलंत. त्यावर ते म्हणाले, जुना झाला होता, बदलायलाच हवा होता. असेल.

शेवटी गॅरेज. इथे गाडीकडे नुसतं बघण्याचेही पैसे असतात, हे आईला सांगू नका. बघून झाल्यावर त्या माणसाने जो खर्चाचा कागद दिला त्याची बेरीज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होती. हे गाडी घेऊन परत आले, चहा घेतला, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मला दया आली. तेव्हा मी म्हटलं, एक दिवस माझ्याकडे द्या.

आता तुम्ही म्हणाल, पोरीला इंजिनातलं काय कळतं. इंजिनातलं थोडंच कळतं, पण हवेतलं कळतं. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीत तुमची सगळी नोकरी पंखे आणि हवेचे दरवाजे यांच्यामागे गेली, आणि जेवताना आमच्या घरी दुसरा विषय नसे. वरचा पंखा ठणठणीत, तरी खाली शेकडो फुटांवर कामाच्या जागी हवा पोचत नाही, म्हणजे मधला कुठला तरी दरवाजा कोणीतरी उघडा टाकला आहे आणि हवा जवळच्या वाटेने परत फिरते आहे. नवे साहेब आले की पहिल्यांदा मोठा पंखा मागवायचे. तुम्ही आधी पायी फिरून दरवाजे बघायचात. ते कसं विसरेन?

गाडीतही हवेचा हिशेबच असतो. फिल्टरमधून हवा आत येते तिथेच एक सेन्सर ती मोजतो, आणि त्या मापाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. आता या नाक्याच्या पुढे एखाद्या फटीतून न मोजलेली हवा घुसली, तर तिच्या वाटणीचं पेट्रोल कोणी सोडायचं? मिश्रण पातळ होतं, मागचा ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, आणि कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल वाढवत बसतो. किती वाढवलं तेही मोबाइलवर दिसतं. आमचा आकडा स्लोला अधिक २४ टक्के होता. जावई म्हणाले, बघ, पेट्रोलचा पंप मेला आहे, मागवतो. मी म्हटलं, थांबा, जरा रेस द्या. अडीच हजारावर नेली तर आकडा ५ वर आला.

इथेच चोर कळला, बाबूजी. पंप कमजोर असता किंवा फिल्टर तुंबला असता, तर रेस वाढवल्यावर उपासमार वाढायला हवी होती. इथे उलटं. स्लोला इंजिन मुळातच थोडीशी हवा घेतं, त्यात बारीक फटीतली हवाही मोठा वाटा होऊन बसते. रेस दिली की आत येणारी हवा कितीतरी पट होते आणि तीच फट हिशेबातसुद्धा येत नाही. सकाळी गाडी बरी का वागते तेही यातच आलं. थंड इंजिनाला कॉम्प्युटर मुद्दाम जास्तीचं पेट्रोल पाजतो, आणि गरम होईपर्यंत ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही.

तुमच्या पद्मिनी गाडीला असा कॉम्प्युटर नव्हता, पण रोग हाच होता. सरेखाच्या रेल्वे फाटकात छोटी लाइन जायची वाट बघत गाडी उभी, आणि स्लोला फडफडून बंद. मागचे ट्रकवाले ओरडायचे, आई पदराने घाम पुसत "काहून आणली बाप्पा ही गाडी" म्हणायची. उन्हाळ्यात तुम्ही इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचात. मग मिस्त्री यायचा. कार्बोरेटरचे जेट काढून फुंकायचा. तार घालायची नाही, भोक मोठं होतं, हे त्याने मला तेव्हाच शिकवलं होतं. मग मिक्श्चरचा स्क्रू आणि स्लोचा स्क्रू, कान देऊन पाव-पाव आटा. तरी नाही जमलं तर कार्बोरेटरच्या बुडाशी थेंबभर पेट्रोल टाकून आवाज बदलतो का ऐकायचा. बदलला तर पॅकिंग गेलं, हवा ओढते आहे. तुम्ही त्याआधी त्याला बिडी विझवायला लावायचात आणि तो दरवेळी दुखावायचा.

इथे त्या थेंबाच्या जागी फवाऱ्याचे डबे मिळतात, तोही तितकाच पेटणारा माल. गरम इंजिनावर तो मारायला मी नाही म्हटलं. गॅरेजवाले नळीतून आत धूर सोडतात आणि कुठून बाहेर येतो ते बघतात, अगदी खाणीत तुम्ही धुराने हवेची दिशा बघायचात तसं. आईने फोनवर ते ऐकलं आणि लगेच म्हणाली, "मग उदबत्ती लाव ना, पूजाही होऊन जाईल." तिला सांगा, पेट्रोलजवळ उदबत्ती लावली तर पूजा एकदाच होते.

मी साधा उपाय केला. इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून हात लांब ठेवून, एकेक रबरी नळी चिमट्याने हळूच दाबून बघितली. ब्रेकची जाडी नळी दाबली, फरक नाही. पेट्रोलच्या वाफेची दाबली, नाही. मग इंजिनाच्या डोक्यावरून आतला धूर पुन्हा हवेच्या वाटेवर नेणारी अंगठ्याएवढी नळी. ती वळणावर दाबली, आणि गाडी एकदम गप्प. काटा सातशेवर, हलायला तयार नाही. सोडली की पुन्हा थरथर. वरून नळी अगदी धडधाकट, काळीभोर. खालून बोट फिरवलं तर वळणाच्या पोटाशी रबर तेल पिऊन लिबलिबीत झालेलं, आणि नखभर लांबीची चीर. चिरेवर बोट ठेवलं तर आतून ओढ लागते, बोटाला गार वारं जाणवतं, कान जवळ नेला तर बारीक सुसाट शीळ. तुमच्या जावयांनीही बोट ठेवून बघितलं. मग पोरीने. मग पुन्हा जावयांनी.

नवीन नळी कॉइलच्या खोक्यावरच्या टेपपेक्षा थोडी महाग पडली, एवढंच लिहिते. थ्रॉटलचं तोंड काजळीने काळं झालं होतं, तेही पुसून घेतलं. आकडा स्लोला ३ वर आला.

यात एक गंमत झाली. न्यू जर्सीत गाडी तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती उभ्या-उभ्या चालू ठेवायला बंदी आहे, आणि आमचा आजार तर उभ्या-उभ्याच येणारा. जावई हातात मोबाइलचं घड्याळ घेऊन फाटकापाशी पहाऱ्याला, मी बॉनेटखाली, आणि समोरच्या आजी पडद्याआडून आमच्याकडे बघताहेत. आणखी एक नियम तुम्हाला आवडेल : इथे आपल्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने मनाई आहे, पंपावरचा पोऱ्याच भरतो. बालाघाट सोडून इतक्या लांब आलो, पण काच खाली करून "फुल" म्हणायची सवय मोडली नाही.

तपासणीची तारीखही तोंडावर होती. इथे दोन वर्षांतून एकदा गाडी सरकारी माणसाला दाखवावी लागते, आणि पिवळा दिवा लागलेला असेल तर नापास. जावयांचा बेत असा की सकाळी दिवा मोबाइलने पुसायचा आणि दुपारी गाडी न्यायची. पण दिवा पुसला की गाडीच्या आतल्या सगळ्या चाचण्या कोऱ्या होतात, आणि त्यांतल्या बहुतेक पुन्हा पुऱ्या झाल्याशिवाय तपासणीवाला गाडी घेत नाही. त्यासाठी थोडं हायवेला, थोडं गावात, रात्रभर थंड होऊ द्यायची, पुन्हा सुरू, असं काही दिवस हिंडावं लागलं. त्या निमित्ताने आम्ही समुद्र बघून आलो. गाडी पास झाली, काचेवर नवीन स्टिकर लागलं.

चिन्नोर तांदूळ कोणाबरोबर पाठवायची धडपड करू नका, विमानतळावर उगाच अडवतात. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा. आईला नमस्कार. नात आजोबांना पापा पाठवते.

तुमची,
बेबी

ता. क. पत्र बंद करताना हे आत येऊन सांगताहेत की हीटर लावून स्टेअरिंग पूर्ण वळवलं की काटा पन्नासने उतरतो, आणि एक खोकं मागवलं आहे. तुम्ही त्यांना तुमच्या आवाजात एक निरोप पाठवा, की एवढं उतरणारच. माझं ऐकत नाहीत.