मेहुण्याची दीक्षा

टेक्ससमध्ये नवख्या मेहुण्याला बास मासा पकडायला नेणे हा संस्कार आहे. तो मुंजीइतकाच यथासांग व्हावा. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीने, मित्राबरोबर एकच गळाची काठी आळीपाळीने वापरत, २२ पौंड ४ औंसांचा बास काढला आणि घरी नेऊन खाल्ला. जागतिक विक्रम झाला खरा, पण त्यात शास्त्र कुठे होते? म्हणून मेहुणेबुवांना आम्ही सहा काठ्या, मासे शोधणारे सोनार यंत्र आणि जांभळी रबरी गांडुळे घेऊन दिली. (खरी गांडुळे बागेत फुकट मिळतात, सबब वर्ज्य.) सोनारवर मासे स्वच्छ दिसत होते. आम्हीही त्यांना दिसत असू. सूर्यास्ताला एक लागला. वजन, फोटो, मग सन्मानाने विसर्जन. परतताना दुकानातून गोठवलेला तिलापिया घेतला. फोटोत तोच मोठा दिसतो.