दहा टक्क्यांचा पुळका

विडीच्या धुराने झालेल्या कॅन्सरला वेगळं औषध नाही. शस्त्रक्रिया तीच, किरणं तीच, खर्चाचा कागदही तसाच लांब. फरक दिसतो तो फक्त जीएसटी परिषदेला. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत परिषदेने सिगारेट, जर्दा, गुटखा, पानमसाला हे सगळं ४० टक्क्यांच्या रकान्यात टाकायचं ठरवलं आणि विडी तेवढी २८ वरून १८ वर आणली. १ फेब्रुवारी २०२६ पासून हे दर लागू झाले. घर बांधायच्या सिमेंटला जो दर, तोच आता विडीला.

हे चूक आहे. आणि ज्यांच्या नावाने हे केलं, त्यांच्याशी तर हा अन्याय आहे.

आधी ओढणाऱ्याचं बघू. देशात २०१६-१७ साली झालेल्या तंबाखू पाहणीत सिगारेट ओढणारे प्रौढ ४ टक्के निघाले आणि विडी ओढणारे ७.७ टक्के. म्हणजे ज्याचे गिऱ्हाईक जवळजवळ दुप्पट, त्यावरच कर सगळ्यात कमी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की, तंबाखूच्या किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा. विडीवर २८ टक्के जीएसटी होता, तेव्हासुद्धा तो वाटा जेमतेम २२ च्या आसपास होता. सिगारेटमध्ये ५३, चघळायच्या तंबाखूत ६४. सुधारायची गरज सगळ्यात जास्त कुठे होती, हे शाळकरी पोरालाही कळेल. आपण नेमकं तिथेच उलटं पाऊल टाकलं.

‘विडी म्हणजे पान आणि तंबाखू, त्यात काय एवढं?’ असं म्हणणारे अजून भेटतात. तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं आपोआप जळत राहत नाही, विझतं. म्हणून ओढणारा झुरके जास्त घेतो आणि खोलवर घेतो. निकोटिन, टार, कार्बन मोनॉक्साइड यांपैकी कशातही विडी सिगारेटपेक्षा सौम्य नाही. देशी आहे म्हणून फुप्फुस तिला माफ करत नाही.

आता कर लावल्यावर गिऱ्हाईक काय करतं? वर्षानुवर्षांचे अभ्यास एकच सांगतात: भाव वाढला की सगळ्यात आधी हात आखडतो तो गरिबाचा आणि पोरांचा. पगारदार माणूस कुरकुरतो आणि पाकीट घेतो. रोजंदारीवरचा माणूस दोन बंडलांच्या जागी एक घेतो. कॉलेजातलं पोरगं सुरूच करत नाही. ‘गरिबावर कर कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ज्याच्याकडे दवाखान्याला पैसे नाहीत, त्याला दवाखान्यापासून लांब ठेवणारा हा कर आहे. तंबाखूमुळे देशात दरवर्षी साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं मरतात. या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशाला पडलेला भुर्दंड २०१७-१८ साली १ लाख ७७ हजार कोटी रुपयांवर गेला होता. त्यातलं किती कुणाच्या बायकोच्या मंगळसूत्रातून आलं आणि किती विकलेल्या एकरातून, हे परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर एक रात्र काढली तरी समजतं.

टपरीवर मात्र हा कर नेहमी जसाच्या तसा पोहोचत नाही. कंपन्यांचं डोकं इथे फार चालतं. सिगारेटवर अबकारी कर लांबीप्रमाणे लागतो. २०१२ च्या अर्थसंकल्पात ६५ मिलिमीटरचा टप्पा आला आणि लगोलग ६४ मिलिमीटरची सिगारेट बाजारात उतरली. एका मिलिमीटरने कर वाचला, गिऱ्हाईकही टिकलं. फेब्रुवारीपासूनचा नवा अबकारी कर हजार नगांमागे २,०५० ते ८,५०० रुपये आहे, म्हणजे एका सिगारेटमागे दोन रुपये पाच पैशांपासून साडेआठ रुपयांपर्यंत, आणि तोही लांबीप्रमाणेच. मोठी सिगारेट परवडेना तर छोटी घ्या, ही वाट सरकारनेच उघडी ठेवली. लांबी मोजायचं सोडा. सिगारेट ती सिगारेट, सगळ्यांना एकच दर.

दुसरी वाट सुट्या विक्रीची. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी घातली. तो निर्णय चांगला होता. पण कुठल्याही एसटी स्टँडसमोर उभं राहा आणि पाच मिनिटं मोजा, किती पाकिटं विकली जातात आणि किती सुट्या. सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचं ८५ टक्क्यांचं भयंकर चित्र दिसत नाही आणि पाकिटाची नवी किंमतही दिसत नाही. त्याला एका नगामागे रुपया-दोन रुपये वाढल्याचं कळतं, आणि रुपया-दोन रुपयांनी कुणी सवय सोडत नाही. कर दिल्लीत वाढतो, त्याची धार टपरीवर बोथट होते. बंदीचा कागद अंमलात आणायला नवा कायदा लागत नाही, माणसं लागतात.

पुडीचा खेळ याहून सोपा. गिऱ्हाईकाच्या खिशात पाचचं नाणं असतं, म्हणून पुडी पाच रुपयांचीच राहते. कर वाढला की आतला माल घटतो, भाव तसाच. पुड्या इतक्या की मोजणार कोण? म्हणून आता गुटखा, जर्दा आणि चघळायच्या तंबाखूवर पुडी भरणाऱ्या यंत्रांच्या क्षमतेवरून कर घ्यायचं ठरलं. ही पद्धत मला पटते. पुडी लपवता येते, यंत्र लपवणं अवघड आहे. पानमसाल्यावरही यंत्रं मोजूनच वेगळा उपकर लागला. त्याचं नाव आरोग्यापासून सुरू होतं आणि राष्ट्रीय सुरक्षेवर संपतं. माझं मागणं एवढंच, की त्यातली आरोग्याची बाजू दरवर्षी आकड्यांनी दाखवा. किती रुपये तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीवर गेले, किती तंबाखू सोडवण्याच्या केंद्रांवर गेले, ते सांगा.

गुटख्याचं नाव निघालं की महाराष्ट्राला आपल्या बंदीची आठवण होते. २००२ साली बंदी घातली, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा घातली आणि तेव्हापासून ती दरवर्षी वाढवली जाते. बंदी उठवा असं मी म्हणणार नाही. पण चौदा वर्षांनंतर बाजाराकडे बघा. शेजारच्या राज्यांतून माल येतो, पोलीस ट्रक पकडतात, पेपरात फोटो येतो आणि संध्याकाळी टपरीवर दोन पुड्या मिळतात. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, मिसळायचं काम गिऱ्हाईकाचं. बंदीमुळे वाढलेला भाव सरकारच्या तिजोरीत जात नाही, माल आणणाऱ्याच्या खिशात जातो. विदर्भात तर पुडीचीही गरज नाही. खर्रा पानठेल्यावर गिऱ्हाईकासमोर घोटला जातो: सुपारी, तंबाखू, चुना. त्याला छापील किंमत नाही, बिल नाही, चित्र नाही. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावागावांत काम करतं आहे. जिथे कराचा हात पोहोचत नाही, तिथे ग्रामसभेचा ठराव पोहोचतो, हे त्या जिल्ह्याने दाखवलं.

याच राज्यात प्रौढांमध्ये धूर काढणारे फक्त ३.८ टक्के आहेत आणि चघळणारे, घोटणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के, हे २०१६-१७ च्या त्याच पाहणीत दिसलं होतं. मशेरी लावणाऱ्या आपल्या आज्या, मावश्या या आकड्यात आहेत. तंबाखूची चर्चा सिगारेटवर सुरू होऊन सिगारेटवरच संपते तेव्हा महाराष्ट्राचं दुखणं चर्चेबाहेर राहतं.

‘कर वाढवला की तस्करी वाढते,’ हे सिगारेट कंपन्यांचं जुनं पालुपद. बाजारातला मोठा हिस्सा चोरट्या मालाचा असल्याचं त्यांचे अहवाल सांगतात. स्वतंत्र संशोधकांनी काही शहरांतल्या दुकानांतून रिकामी पाकिटं गोळा करून तपासली, तेव्हा चोरटा माल तीन टक्क्यांच्याही आत निघाला. तस्करी आहे, ती रोखलीच पाहिजे. पण चोर येतो म्हणून कुणी पेरणी थांबवत नाही.

आता वळणाऱ्या बाईकडे येतो, कारण सगळा पुळका तिच्या नावाने आहे. कामगार मंत्रालयाच्या हिशेबात देशात विडी कामगार सुमारे ५० लाख, बहुतेक बायका, बहुतेक घरबसल्या काम करणाऱ्या. आपल्याकडे सोलापूर, संगमनेर, सिन्नर, कामठी, गोंदिया. सोलापुरात पूर्व भागातल्या कुठल्याही बोळात शिरा, उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई दिसेल. पान भिजवायचं, कात्रीने मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्यांना तिचा अख्खा दिवस जातो. कारखान्यात माल मोजून घेताना छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. तंबाखूची पूड दिवसभर नाकात जाते. तिने आयुष्यात एक विडी ओढलेली नसते आणि खोकला मात्र तिलाही असतो.

या बाईला दहा टक्क्यांतलं काय मिळालं? तिची मजुरी हजारी ठरते, किमान वेतनाच्या सरकारी अधिसूचनेने ठरते. बंडलाची किंमत आणि तिची मजुरी यांच्यात कराच्या आदेशाने कुठलीही दोरी बांधलेली नाही. जीएसटी कमी करणाऱ्या आदेशात मजुरी हा शब्दच नाही. बंडल स्वस्त झालं तर फायदा ओढणाऱ्याच्या खिशाला आणि तोटा त्याच्याच छातीला. स्वस्त झालं नाही तर फायदा कारखानदाराला. बाईचं सूप जिथे होतं तिथेच.

तिच्यासाठी खरोखर एक कर होता. १९७६ च्या कायद्याने विडीवर कल्याण उपकर लागायचा, हजार विड्यांमागे काही रुपये. त्या पैशातून विडी कामगारांचे दवाखाने चालायचे, मुलांना शिष्यवृत्ती मिळायची, घरांना मदत व्हायची. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. कामगारांनी लढून घर मिळवलं की काय होतं, ते तिथे जाऊन बघावं. २०१७ साली जीएसटी आला आणि विडीवरचा हा उपकर रद्द झाला. कल्याणाचा पैसा विडीतून यायचा थांबला, दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या मर्जीवर गेला. आज विडी कामगारांच्या नावाने करकपात मागणाऱ्यांनी तेव्हा हा उपकर वाचवायला रान उठवायला हवं होतं.

तंबाखूवरचा कर वाढवून तो पैसा गरिबाकडे वळवणं फिलिपिन्सने करून दाखवलं. तिथेही स्वस्त आणि महाग सिगारेटींना वेगवेगळे दर होते, तिथेही गरिबाचं नाव पुढे केलं जायचं. डिसेंबर २०१२ मध्ये तिथे कायदा झाला, टप्प्याटप्प्याने सगळ्यांना एक दर आला, वाढीव पैशातला मोठा हिस्सा गरिबांच्या आरोग्य विम्याला आणि ठराविक हिस्सा तंबाखू पिकवणाऱ्या भागांना. २००९ साली तिथे २९.७ टक्के प्रौढ तंबाखू वापरायचे, २०१५ साली २३.८ टक्के. गरिबाला स्वस्त विष देण्याऐवजी त्यांनी विमा दिला.

विडी तशीही कमी होत चालली आहे. २००९-१० साली ९.२ टक्के प्रौढ विडी ओढायचे, सात वर्षांत ते ७.७ वर आले. सोलापूरच्या बायकांना हे आकडे कुणी सांगावे लागत नाहीत, आठवड्याला किती दिवस काम मिळतं यावरून त्या ते ओळखतात. करकपातीने हा उतार थांबणार नाही. त्यांना लागणार आहे तो दुसरा धंदा, त्याचं प्रशिक्षण, आणि तो हाताशी येईपर्यंत महिन्याचा आधार. त्यासाठी पैसा लागतो. तो पैसा विडीवरच्या करातूनच यायला हवा, कारण ज्या धंद्याने त्यांची पाठ वाकवली, त्यानेच ती सरळ करायचा खर्च द्यावा.

जीएसटी परिषदेत राज्यांच्या मतांचं वजन दोन तृतीयांश आहे. महाराष्ट्राचं तिथे एक मत आहे. राज्याने पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मागाव्यात: विडीला ४० टक्के, आणि त्या वाढीतला हजारी वाटा थेट विडी कामगार कल्याण निधीला. सोलापूर, नाशिक, अहिल्यानगर, नागपूर आणि गोंदियाच्या आमदार-खासदारांनी ही मागणी लेखी द्यावी. वाचकहो, तुमचा लोकप्रतिनिधी यांपैकी असेल तर त्याला विचारा, पत्र दिलं का?