शून्य नंबरचे इंजिन

बुलढाणा शहराला जिल्ह्याचे मुख्यालय असूनही अजून रेल्वे नाही; माझ्या माळ्यावर मात्र ती डिजिटल झाली आहे. इंग्रजांच्या अमदानीपासून मागणीतच असलेला खामगाव–जालना मार्ग मी एका दिवाळीच्या सुटीत प्लायवूडच्या फळ्या जोडून चिखलीपर्यंत नेला. अवघड गेले ते भूसंपादन. जमीन सौभाग्यवतींच्या जास्तीच्या गाद्यांची होती, आणि मोबदला पैठणीच्या दराने ठरला.

या छंदाची लागण पुण्याची. तिथे कर्वे रस्त्यावर जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेले. ते पाहून आल्यावर मामांकडून मिळालेले जुने विलायती इंजिन मी पेटीतून काढले. स्वभावाने अगदी सरळ. रुळात बारा व्होल्टपर्यंत वीज सोडायची. जास्त सोडली की पळते, कमी केली की रेंगाळते, तारा उलट्या जोडल्या की मागे येते. यापलीकडे त्याला जगातले काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही.

मग पुण्याहून पुतण्या आला. “काका, अॅनालॉग सोडा. डिजिटलवर एकाच रुळावर दहा इंजिनं वेगवेगळी चालवता येतात.” आता आमचा जलंब–खामगाव फाटा जेमतेम तेरा किलोमीटरचा. कापसाच्या गाठी बाहेर काढायला घातलेला. १८७० मध्ये लॉर्ड मेयो, म्हणजे खुद्द व्हाइसरॉय, उद्घाटनाला आला होता. या फाट्यावर गेलेली गाडी परत येते, तेव्हा वाहतूक पूर्ण होते. तिथे दहा इंजिने सोडली तर प्रवासी कुठून आणायचे? पण पुतण्याने डिजिटलची पेटी आणली होती, आणि पेटी महाग होती.

डिजिटलमध्ये रुळात वीज कायम पूर्ण दाबाने असते. ती सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते आणि त्या बदलण्यातूनच हुकूम जातात: तीन नंबर, हळू, सात नंबर, दिवा लाव. हुकूम ऐकू सगळ्यांना येतो, पाळतो फक्त तो नंबरवाला, कारण त्याच्या पोटात डिकोडर नावाची चिप असते. कारखान्यातून निघताना बहुतेक चिपांचा नंबर तीनच असतो. पुतण्याने दोन नवी इंजिने रुळावर ठेवून एकाला हाक मारली आणि दोघेही निघाले.

मामांच्या इंजिनाला ना चिप, ना नंबर. त्याला नुसते पुढे-मागे, पुढे-मागे ओढले जात होते. वीज इतक्या घाईने मत बदलत असल्यामुळे ते जागचे हलेना. उभ्या उभ्या गुणगुणू लागले आणि तापले.

“अहो, थे काहून रडून राह्यलं?” खालून सौभाग्यवतींचा आवाज आला.

“रडत नाही, त्याला हुकूम समजत नाही.”

“मंग तुमच्यावानीच हाय म्हना.”

पुतण्याजवळ यावरही तोड होती: शून्य नंबर. ज्याला पत्ताच नाही त्याच्यासाठी राखलेला पत्ता. पेटी हुकुमातल्या शून्यांची एक बाजू लांबवते, विजेचा तोल किंचित एकीकडे कलतो आणि बिनचिपेचे इंजिनही चालू लागते. चालले खरे, पण थांबवले की गुणगुण पुन्हा सुरू. जास्त वेळ उभे ठेवले तर मोटर जळेल, असे पुतण्या म्हणाला. खामगावात थांबू न शकणारी खामगाव गाडी मला पटेना. कित्येक नव्या पेट्यांनी तर शून्य नंबरच काढून टाकला आहे.

राहिला चिप बसवण्याचा उपाय. लाल-काळी तार रुळाकडे, नारिंगी-करडी मोटरकडे, एवढे पुतण्यालाही पाठ होते. पण जुन्या मोटरचा एक ब्रश इंजिनाच्या धातूच्या अंगालाच जोडलेला असतो. तो आधी सोडवावा लागतो, नाहीतर चिपेचा धूर. डाग देण्याच्या कामात खामगावचा हात कोण धरेल? चांदीचे गाव आमचे. ओळखीच्या कारागिराने इंजिन तळहातावर तोलले. “भाऊ, यात चांदी कोठी हाय?” नाही म्हटल्यावर त्याने ज्योत विझवली.

शेवटी माळ्यावरच्या जलंबला दोन्ही रूळ कापून फट ठेवली. मेन लाइन पुतण्याची, डिजिटल. खामगाव फाटा मामांचा, बारा व्होल्टचा. फटीवर इंजिन आले तर चाकांतून डिजिटल वीज जुन्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये शिरेल. म्हणून जुने इंजिन जलंबच्या फटीअलीकडेच थांबेल, असा नियम केला. पुतण्या म्हणाला, ही तर जगावेगळी व्यवस्था. त्याला सांगितले, अरे, आम्ही लहानपणापासून याच व्यवस्थेत प्रवास करतो.

सौभाग्यवती पाहणीला वर आल्या. “मंग मले शेगावले जायाचं असंन तं?”

“जलंबले उतरायचं,” मी म्हटले, “अन् मेन लाइनची वाट पाह्याची. ते वेळेवर येईल का, हे पुतण्याले विचारा.”